टेकचंदजींचा हॉर्न

त्या अँबेसिडरनं माह्या डोक्याचा पार भुगा केला. तुमसरात माहं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. खुशालच्या हातून गाडी सुरू झाली नाही असं म्हणणारा माणूस जन्माले यायचा आहे, असं मीच गावभर सांगत फिरत होतो. आता कोणत्या तोंडानं फिरू?

सिहोऱ्याच्या धनंजयनं बोलावलं होतं. त्याच्या बाबूजीची, म्हणजे टेकचंदजींची, जुनी गाडी. नागपूरचा एक शौकीन साहेब घेऊन राहिला होता, पण रविवारी त्याच्या डोळ्यासमोर सुरू झाली तरच. बोनट उघडलं अन् मले रडूच आलं. बाजूले धानाचे पोते, म्हणून उंदरायनं अर्धी वायरिंग खाल्लेली. उरलेल्या तारा सगळ्या एकाच रंगाच्या, जोडावर जोड. कोणती कुठं जाते, देवाले माहीत! टेस्ट लॅम्प घेऊन एकेक हुडकली अन् नवी टाकली.

अन् वरून तो हॉर्न! लकवा मारल्यापासून टेकचंदजींची वाचा गेलेली. बुढा दिवसभर गाडीतच बसून राहे. माहं डोकं बोनटात, अन् कानापाशी भों!

"अजी काकाजी, बहिरा करता का मले?" मी बोंबललो.

तशा त्यांच्या घरवाल्या, गोदावरीबाई, पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या. छोटा हॉर्न म्हणजे पाणी. लांब म्हणजे नुसतं, येऊन बस. धनंजयनं बाजारातून घंटी आणून दिली होती, ती बुढ्यानं अंगणात भिरकावली म्हणे.

संध्याकाळी इंजिन धडधडलं. मी मिशीले ताव देत घरी गेलो. सकाळी धनंजयचा फोन.

"काय केलं बे तू? मेली ना गाडी!"

जाऊन पाहतो तं इग्निशन कॉइलची तार तुटलेली. घाईघाईनं जोडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच. उंदराचं औषध ठेवलं. पुन्हा तीच! तारेवर जाड पाईप चढवला.

"काहून बे उंदरा, बाकीच्या तारा गोड नाही लागत का तुले?" म्हणत मी पान्हा आपटला.

गोदावरीबाईनं चहा आणला. अडकित्त्यानं सुपारी कातरून माह्या हातावर ठेवली. "राहू दे ना बापू. जुनी गाडी आहे, कायले जीव काढतं?" मी त्यांच्यावरही भडकलो.

रविवारी बोनट उघडलं तं तार पाईपासकट तुटलेली. या खेपेले मी ती उन्हात धरून नीट पाहिली. उंदरानं कुरतडलं तं चिंध्या होतात. ही सुपारीसारखी सफाईनं कातरलेली होती. मी वर पाहिलं. गोदावरीबाई दारात उभ्या होत्या, अडकित्ता मुठीत.

"हॉर्नच्या तारेले हात नाही लावला मी," त्या हळूच म्हणाल्या. "गाडी गेली तं हे मले हाक कशानं मारतीन?"

"धनंजयले सांगितलं का?"

"सांगितलं. म्हणते, घंटी आहे ना."

असा राग आला मले! बाईचा, पोराचा, त्या गाडीचा, साऱ्यायचाच. एवढे दिवस मी उंदराले शिव्या घालून राहिलो होतो. तेवढ्यात नागपूरचा साहेब फाटकातून आत आला. धनंजयनं सेल्फ मारला. नुसती घरघर.

"पाहतं काय बे? कर ना सुरू!"

तार जोडणं मिनिटाचं काम होतं. ती माह्या हातातच होती.

"माह्याच्यानं नाही होत," मी म्हणलो. "कोणाच्याच्यानंच नाही होत. या गाडीचा हॉर्न तेवढा वाजन."

साहेब आल्या पावली गेला. धनंजयनं माह्या सात पिढ्या उद्धरल्या. मी खाली मान घालून पान्हे पिशवीत भरले.

फाटकापाशी पोचलो तं मागून हॉर्न वाजला. लांब. गोदावरीबाई चुलीवरचं दूध तसंच टाकून गाडीत जाऊन बसल्या.