काजाला पडलेलं विरोधी मत

"कापडाला आधी धीर द्यावा पोरी, मग चीर द्यावी."

तीस वर्षं झाली, बाबांचा हा आवाज तिच्या कानातून गेला नव्हता. आपल्या शिवणाच्या दुकानामागच्या खोलीत, खिडकीशी मांडी घालून, सुईत दोरा ओवता ओवता ते बोलायचे. धीर म्हणजे मेण लावलेल्या दोऱ्याची बारीक धाव. काज जिथे पाडायचं तिथे चिरेच्या दोन्ही अंगांनी धावदोरा घालायचा, म्हणजे कापडाचे थर सरकत नाहीत. मगच कात्री लावायची. बाबा गेले, दुकानाच्या जागी चाव्या बनवणारा आला, आणि लेकीच्या वाट्याला ही एवढी ओळ राहिली.

ती आता गणवेशांच्या कारखान्यात तपासणीवर होती. दिवसभर दुसऱ्यांच्या टाक्यांत खोट काढायची, आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर संगणक उघडून ऑनलाइन ज्ञानकोशात लिहायची. तिथे तिचं नाव 'सुईदोरा'. बटणापासून अस्तरापर्यंत तिने बरंच काही लिहिलं होतं, पण पहिल्या पानाचं भाग्य एकाही लेखाच्या कपाळी नव्हतं.

त्या ज्ञानकोशाची रीत अशी, की दर आठवड्याला नव्या लेखांतला एक मतांनी निवडायचा आणि सात दिवस पहिल्या पानावर मिरवायचा. नुसतं मत देऊन भागत नसे, त्याचं कारणही लिहावं लागे. विरोधी मताला लेखकाने रविवारी दुपारी बाराच्या आत उत्तर दिलं नाही, तर लेख बाद.

तिच्या 'काज' या लेखाला पहिल्याच दिवशी चार मतं पडली. शुक्रवारी सकाळी पाचवं पडलं, ते विरोधी. देणारा कुणी 'कोरापाट'.

"विरोध. धावदोऱ्याच्या वाक्याला जुन्या शिवणपुस्तकाच्या पान एकशे बाराचा आधार दिला आहे. त्या पानावर हे छापलेलं नाही."

तिच्या हातातला चहा हातातच राहिला. कारण कोरापाट खरं बोलत होता. छापील मजकुरात फक्त चिरण्याची पद्धत होती. धावदोरा होता समासात, शाईने, बाबांच्या तिरक्या अक्षरात. ज्ञानकोशात आधार छापीलच लागतो, घरचं सांगणं चालत नाही. नवख्यांना हे तीच शिकवायची. तरी लेख लिहिताना तिने समास आणि पान एकच धरलं. आठवडाभर हजारो माणसं बाबांची ओळ वाचतील, एवढाच काय तो लोभ.

पण या मेल्याला कळलं कसं? ते पुस्तक कुठल्याही ग्रंथालयाच्या यादीत नव्हतं. ते होतं तिच्या कपाटात, चादरींच्या घडीखाली.

मग संशयाचं भूत मानगुटीवर बसलं. पहिला नंबर लेकीचा लागला.

"आई, तुझ्या काजातलं मला ओ की ठो कळत नाही," लेक मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली. "माझ्या शर्टाचं बटण महिनाभर तुटलंय, त्यावर एखादा लेख लिही."

मग नवरा. त्याचं चष्म्यांचं दुकान. बायकोच्या लिखाणाला तो फुकटची हमाली म्हणायचा.

"अहो, माझ्या कपाटात कुणी हात घातला होता का?"

"चोराने घातला असेल तर बिचारा चादर पांघरून झोपला असेल."

ती हसली नाही. त्याच रात्री तिने एकशे बारा पानावर लाल दोऱ्याचा तुकडा तिरपा ठेवला आणि पुस्तक मिटलं. शनिवारी संध्याकाळी उघडून पाहिलं. दोरा तिरपाच, तसूभर हललेला नाही. म्हणजे घरातलं कुणी नव्हे. मग तिला बाबांशी भांडून गेलेला तो जुना कारागीर आठवला. त्याच्यापाशी दुसरी प्रत असली तर? त्याने डूख धरला असला तर?

तिने मतं मोजणाऱ्या सदस्याला, ज्याला सगळे मोजणीदार म्हणत, कळवलं की कोरापाट हे बनावट खातं वाटतं, तपासा. आणि विरोधाखाली उत्तर लिहिलं, "पान समोर ठेवूनच सांगते, वाक्य तिथे आहे." हे खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

रविवारी अकराला मोजणीदाराचं उत्तर आलं.

"ताई, तपासलं. कोरापाट आणि सुईदोरा एकाच घरातून लिहितात. स्वतःला चोरून मत देणारे मी ढिगाने पाहिले, स्वतःच्या विरोधात देणारं कुणी पाहिलं नव्हतं. बाराच्या आत खुलासा करा, नाहीतर दोन्ही खाती बंद करावी लागतील."

तिने मान वर केली. लेक मैत्रिणीकडे गेली होती. समोर नवरा चष्मा पुसत बसला होता, आणि मघापासून एकच काच पुसत होता.

"तुम्ही?"

"हं."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. भिंगांवर लिहितो अधूनमधून. तू मला एकदा झापलंसही तिथे. 'आजोबा सांगायचे हा आधार होत नाही,' म्हणालीस."

"आणि माझं पुस्तक?"

"मत द्यायच्या आधी आधार उघडून पाहावा, हेही तुझंच. मला बाजूनेच द्यायचं होतं गं. पान काढलं आणि अडकलो. काल पुन्हा पाहिलं, म्हटलं आपलीच नजर चुकली असेल. दोरा होता, तो होता तसा ठेवला."

बारीक स्क्रू बसवणारी बोटं ती. तिला राग आला, आणि रागाला टेकायला जागा सापडेना.

"घरात बोलता आलं नसतं?"

"घरात तू मला कधी वाक्य पुरं करू दिलंयस?"

त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला.

"मोजणीदाराला लिही, मी तुझा नवरा. एका घरातलं मत म्हणून माझं मत बाद होईल. चारास शून्य. तुझा लेख वर जाईल."

म्हणजे त्या वाक्याबद्दल नुसतं गप्प राहायचं होतं. साडेअकरा वाजले होते. तिने पुस्तक आणलं, एकशे बारा पान उघडलं, समासावरून बोट फिरवलं. शाई जिथे जाड होती तिथे कागद किंचित खडबडीत लागला. मग तिने संगणक ओढला आणि लिहिता लिहिता, त्याला ऐकू जाईल असं, एकेक शब्द म्हणत गेली.

"कोरापाट माझे पती आहेत, हे मला आज कळलं. त्यांचं मत बाद करा, पण त्यांचं म्हणणं बरोबर आहे. ते वाक्य पुस्तकात छापलेलं नाही. ते माझ्या वडिलांनी हाताने लिहिलं आहे, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."