श्रेय म्हणे चाकाचं!

मी चाक बोलतोय. मोटारीचं, पुढच्या डाव्या बाजूचं. आता 'होतो' म्हणायला हवं, पण सवय जात नाही. तुम्ही म्हणाल, चाकाला कसलं आलंय दुःख? सांगतो. जे श्रेय माझं नव्हतं ते चार वर्षं माझ्या गळ्यात बांधलं गेलं, आणि ज्या मुलीचं ते होतं ती घर सोडून गेली.

जन्माने मी अॅल्युमिनियमचा. माझ्यासारखी बरीचशी चाकं साच्यात ओतून करतात. मला मात्र तापवून भल्यामोठ्या यंत्राखाली दाबलं. त्या दाबाने अंगातला धातू घट्ट झाला, म्हणून आरे बारीक असूनही मी मजबूत राहिलो. दुकानात येणारा प्रत्येकजण मला एका हाताने उचलायचा आणि "अरेच्चा!" म्हणायचा. एवढं कौतुक ऐकून कुणाच्याही डोक्यात हवा जाईल.

मला आणि माझ्या तीन भावांना इगाराशींनी विकत घेतलं. जपानातल्या सान्जो गावात त्यांचं कात्र्या-सुऱ्यांना धार लावायचं दुकान आहे. रविवारी मात्र हा माणूस शंकूंच्या शर्यतीत असायचा. मोकळ्या जागेत शंकू मांडून वाट आखायची, एकेका गाडीने त्यातून वळत, गिरक्या घेत जायचं आणि ज्याला कमी वेळ लागेल तो जिंकला. घरी पोचल्या पोचल्या इगाराशी मला छातीशी धरून न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर उभे राहिले. मग मला खाली ठेवून एकटेच उभे राहिले, वजाबाकी केली आणि लहान मुलासारखे ओरडले.

"जुन्यापेक्षा तीन किलो कमी! एकेका चाकामागे तीन किलो!"

"आणि पोटाचं काय बाबा?" आतून आवाज आला. "चाकं वाळली, पण तुम्ही चांगलंच बाळसं धरलंय."

ही चिहारु, त्यांची एकुलती एक मुलगी. दुकानाचा माल पोचवायची गाडी तीच चालवायची, आणि बापासारखंच तिलाही शंकूंचं वेड होतं.

माझ्या हलकेपणाने नेमकं काय होतं ते माझ्याच तोंडून ऐका, कारण इगाराशींनी ते गावभर फार फुगवून सांगितलंय. चाकाला नुसतं पुढे न्यायचं नसतं, गरगर फिरवायचंही असतं. चाक जड असलं की इंजिनाचा थोडा जोर त्यातच खर्ची पडतो. माझ्याबाबतीत तो वाचतो, म्हणून सुटताना गाडी चटकन वेग घेते आणि ब्रेक दाबला की लवकर आवरते. खड्ड्यावरून जाताना जड चाक उसळतं, टायर क्षणभर रस्ता सोडतो. मी पटकन खाली येतो. टायर रस्त्याला धरून राहतो आणि गाडी सांगितलेल्या बाजूला वळते. बस्स. एका फेरीत यातून वाचतो फार तर अर्धा सेकंद. ब्रेक कुठे सोडायचा, शंकूला किती घासून नाक काढायचं, हे मला काय कळणार? ते आत बसलेल्याला कळावं लागतं.

आमच्या शर्यती डोंगरातल्या एका स्की मैदानाच्या वाहनतळावर व्हायच्या. हिवाळ्यात तिथे बर्फ उपसणारी यंत्रं फिरतात आणि डांबराची पार चाळण करून ठेवतात. उन्हाळ्यात ती जागा आमची. एका गाडीवर दोघांनी नाव द्यायची तिथे पद्धतच आहे. आधी बाप धावायचा, मग मुलगी. आणि पहिल्याच रविवारी मुलीने बापाला मागे टाकलं.

"इगाराशी, पोरीने धुतलं रे तुला!" होशिनो म्हणाले. हे टायरवाले, इगाराशींचे शाळेपासूनचे दोस्त.

"मी आधी धावलो ना! टायर मी तापवून दिले तिला आयते."

पुढच्या खेपेला चिहारु मुद्दाम आधी धावली. गार टायरवरही तीच पुढे.

"तिचं वजन बघ आणि माझं बघ," इगाराशी म्हणाले.

तिसऱ्या खेपेला निमित्त उरलं नाही, तेव्हा ते वाकले आणि माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाले, "खरी करामत या चाकांची आहे हं! काय वळतंय, काय वळतंय!"

मग तेच पालुपद झालं. चिहारु गाडीतून उतरायची, हेल्मेट काखेत धरायची, आणि कर्ण्यावरून तिची वेळ पुकारली जाताना बापाच्या तोंडाकडे बघायची. बाप माझ्याकडे बघायचा. घरी गेल्यावर जुन्या दात घासायच्या ब्रशने माझा आरा न् आरा घासायचा. ती दारात उभी राहून बघायची आणि आत निघून जायची. मला लाज वाटायची हो. पण चाकाने लाज वाटून करायचं काय?

चौथ्या वर्षी सरावाच्या एका रविवारी तिने मागच्या खोलीतून जुनी, जड चाकं काढून आणली. होशिनोंकडून त्यांना अगदी आमच्यासारखेच टायर बसवून घेतले होते.

"बाबा, आज तुम्ही हलक्या चाकांवर धावा. मी जुनी लावते."

"उगाच हसं करून घेशील."

"घेईन की. माझंच होईल ना?"

इगाराशी आमच्यावर धावले, आणि खरं सांगतो, त्या दिवशी बरे धावले. मग चिहारुने गाडी जॅकवर चढवली, आम्हाला काढून ताडपत्रीवर ठेवलं आणि जुनी चाकं बसवली. पहिल्यांदाच मी तिला बाहेरून बघत होतो. गाडी सुटताना अंमळ जड वाटली. खडबडीत पट्ट्यावर चाकं उसळायच्या आतच तिने ब्रेक सोडला होता. जड चाकांना वळायला वेळ लागतो म्हणून प्रत्येक शंकूआधी ती किंचित लवकर वळवत होती. कुणी शिकवलं तिला हे? तिचं तिलाच.

वेळ पुकारली गेली. ती बापाच्या पुढे होती, जड चाकांवरसुद्धा. होशिनोंनी हातातला भाताचा गोळा तसाच डब्यात टाकून टाळ्या वाजवल्या.

चिहारु चालत बापासमोर आली. "बाबा?" एवढंच म्हणाली.

एका वाक्याचं काम होतं. 'छान चालवलीस' म्हणायला किती श्वास लागतो?

इगाराशींनी ताडपत्रीवर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे ही चाकं कुचकामी निघाली. दुकानदाराने टोपी घातली मला."

होशिनो थट्टा समजून हसले. चिहारु हसली नाही. ती जिंकली तर श्रेय माझं, आणि माझ्याशिवाय जिंकली तर खापर माझ्यावर. तिचं म्हणून काही नव्हतंच. तिने आम्हाला पुन्हा गाडीला लावलं, एकेक नट नीट आवळला, पाना पुसला आणि बापाच्या हातात दिला.

"आता तुम्हीच चालवा," ती म्हणाली.

वसंतात ती दूर फुकुओकाला नोकरीला गेली. भांडण नाही, रडारड नाही. नववर्षाला फोन येतो, तब्येतीची चौकशी होते, संपतो. गाडीचं नाव दोघंही काढत नाहीत. इगाराशी एक उन्हाळा एकटेच धावले, मला कडेच्या दगडावर आपटून माझी कड वाकवली, आणि मग त्यांनी गाडीच विकून टाकली. वाकलेलं चाक कोण घेणार? माझ्यावर काच ठेवून दुकानात चहाचं टेबल केलंय.

परवा दुपारी होशिनो फोन नाचवत आले. चिहारु तिकडे दुसऱ्या कुणाच्या गाडीवर मोठी शर्यत जिंकली होती.

"चाकं कुठली लावली होती, विचारू का रे?" त्यांनी टोमणा मारला.

इगाराशींनी त्यांच्यापुढे चहा सरकवला. होशिनो गेल्यावर त्यांनी आपल्या फोनवर ती शर्यत लावली. एकदा पाहिली, पुन्हा पाहिली. चहा गार झाला. मग चष्मा काढून डोळे पुसले, काचेखाली हात घालून माझ्या वाकलेल्या कडेवर ठेवला आणि हळूच म्हणाले, "छान चालवते रे माझी पोरगी. माझ्यापेक्षा कधीच पुढे गेलीय."

ऐकलंत? मला म्हणाले! हातात फोन होता, फोनमध्ये तिचा नंबर होता. तो फोन त्यांनी खिशात घातला आणि कुणाच्या तरी कात्रीला धार लावायला उठले.

मला तिच्यापर्यंत जाता येत नाही. टेबलाला कुठे जाता येतं? म्हणून तुम्हाला गाठलं. फुकुओकाकडे कधी गेलात आणि चिहारु इगाराशी भेटली, तर तिला एवढं सांगा, की तिचा बाप असं म्हणाला. मी स्वतः ऐकलंय.