मोंबासाहून आलेला चाटू

मी रुंद पात्याचा लाकडी चाटू बोलतोय. आफ्रिकेतल्या मोंबासात मला म्विको म्हणत. उकळत्या पाण्यात मक्याचं पांढरं पीठ पडलं की ते घट्ट होईपर्यंत घोटायचं, हे माझं काम. त्याला उगाली म्हणतात. गरमागरम तुकडा तोडायचा, मुठीत वळायचा, अंगठ्यानं खळगा पाडायचा आणि त्यात पालेभाजी भरून तोंडात टाकायची. त्या घासासाठी माणसं हातातलं काम टाकून येत.

सायराबानू तिथंच जन्मली. तिचा नवरा इब्राहिम १९५४ साली तिथलं दुकान आवरून आपल्या गावी, इंदापूरला परतला. तिनं मला कपड्यांच्या गाठोड्यात दडवून बोटीवर चढवलं.

इंदापुरात मी खुंटीला टांगलेला. खाली भाकऱ्या भाजल्या जात आणि माझा जीव वरच्यावर तळमळे. सायराबानूही पाण्याच्या घोटाबरोबर घास ढकलायची. दिवसेंदिवस वाळत चालली. सासू सुरैय्याबी मायाळू, पण त्यांच्या लेखी मका म्हणजे जनावरांचं खाणं. मागायची हिला लाज वाटे.

एकदा सासूबाई शेजारी गेल्या होत्या. इब्राहिमनं बाजारातून आणलेला मका तिनं दळला आणि मला खाली काढलं. काय सांगू, मी नुसता नाचत होतो! उगाली ताटात पालथी घालून ती परसात हात धुवायला गेली.

तेवढ्यात सासूबाई आल्या. वाफाळता गोळा बघून त्यांना वाटलं, पोरीनं भाकरीसाठी उकड काढली आणि काम अर्धं टाकलं. बिचारीला तेवढीच मदत म्हणून त्यांनी गोळा मळला, थापला आणि तव्यावर टाकला. मी तडफडत होतो, पण लाकडाचं कोण ऐकतो?

सायराबानू आली. भाकऱ्या पाहून चुलीपुढं बसली आणि रडू लागली. सगळं सांगून म्हणाली, "अम्मा, मला माघारी मोंबासाला धाडा. इथं माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

सासूबाई उठल्या आणि उरलेला मका घेऊन जात्यावर बसल्या. पीठ झाल्यावर मला तिच्या हातात दिलं. "घोट. आज भाकरी न्हाय."

एकच ताट मधे ठेवून दोघी बसल्या. सासूबाईंचा तुकडा बोटांना चिकटला, भाजी मांडीवर सांडली.

"अंगठा कुठं दाबायचा गं? दाव की."

सायराबानूनं त्यांचा अंगठा हातात धरला. माघारी जायचं बोलणं त्यानंतर कधी निघालं नाही.

आता माझी कड जळालीय, दांडा झिजलाय, तरी स्वस्थ बसवत नाही. एवढंच सांगतो: घरात नवी सून आली, तर तिकडं काय खात होतीस, हे तिला विचारा. निघतो. उगाली घोटायला सासूबाईच हाक मारतायत.