गंधाखाली पेटलेला दिवा

जुना म्हणाल तर जुना आहे मी, मित्रांनो, आणि लहान म्हणाल तर हरभऱ्याच्या दाण्याएवढा. चार जाड चाकांच्या, वाळूचिखलात चालणाऱ्या एका गाडीच्या हँडलपाशी बसलेला मी लाल दिवा. इंजिन तापलं की पेटायचं, एवढंच माझं काम. बाकीचे दिवे मिरवतात. पुढचा मोठा दिवा तर स्वतःला सूर्यच समजतो! मी मात्र पेटलो की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात.

कारखान्यात मला बसवणाऱ्या माणसाने एकदाच पेटवून पाहिलं आणि मान डोलावली. आयुष्यातली माझी पहिली शाबासकी ती, आणि पुढची कित्येक वर्षं शेवटचीही. नंतर आमची गाडी समुद्रकाठच्या एका हॉटेलात पाहुण्यांना वाळूत फिरवत होती. खाऱ्या वाऱ्याने तिची रया गेली, तेव्हा हॉटेलवाल्यांनी ती विकून टाकली. अशी आमची वरात तमिळनाडूत, कुंभकोणमजवळ स्वामीमलैला आली.

इथे जयकुमारची धातूच्या मूर्ती ओतण्याची कार्यशाळा आहे. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ, अशी ही तंजावरकडची माणसं. त्याची थोरली बहीण पंकजा साच्याची माती आणते. आधी मूर्ती मेणाची घडवतात, आणि तिच्यावर पहिला लेप बसतो तो कावेरीच्या गाळमातीचा. ती माती इतकी मऊ लागते की मेणावरची नखाची रेघसुद्धा तिच्यात उमटावी. पंकजा चिमूटभर माती दाताखाली धरते. कचकच लागली की थुंकून पुढे जाते. तीस वर्षं तिने हेच केलं. मग घाटावर पडली आणि डावा गुडघा गेला. वाळूत चालणं संपलं, म्हणून जयकुमारने आमची गाडी घेतली. गाडी चालू तर पंकजाचं नदीवर जाणं चालू, इतकं सरळ होतं ते.

आणि मित्रांनो, या तमिळ आडी महिन्याच्या अठराव्या दिवसानंतर मी पेटलो तो विझेचना.

त्या दिवशी इकडे कावेरीची पूजा असते. नवं पाणी आलेलं असतं, बायका नदीला हळदीकुंकू, काळे मणी वाहतात, पिवळा दोरा बांधतात. पंकजाने एक दोरा आमच्या हँडललाही बांधला. तिथवर ठीक होतं. पण मग तिने इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या टाकीचं झाकण काढलं. आत मेकॅनिकने घातलेलं हिरवं औषधी पाणी होतं. डबक्यातल्या शेवाळ्यासारखं वाटलं तिला ते. तिने खालचं बूच सैल करून सगळं हिरवं सांडून टाकलं, बूच पुन्हा आवळलं आणि कावेरीचं नवं पाणी तांब्या तांब्याने काठोकाठ ओतलं. जिच्या जोरावर आपण नदीवर जातो, तिच्या पोटात नदीच असावी, असा तिचा भाव. भाव सोन्यासारखा होता हो! पण पाणी घाईने वरून गेलं आणि इंजिनाच्या डोक्यातली हवा आतच अडकली. हवेभोवतीचं लोखंड तापू लागलं आणि मी पेटलो.

पेटलो ते पेटलोच. घरापासून नदीच्या तटबंधापर्यंत जायचा अवकाश, की माझं सुरू. बोंब मारायला तोंड नाही, धावायला पाय नाहीत; जीव नुसता खालीवर होत होता.

जयकुमारने शेषाद्रीला बोलावलं. शेषाद्री मेकॅनिक मोठा नेटका माणूस. त्याने टाकी उघडली, पाणी काठोकाठ; रंगाकडे त्याने पाहिलंच नाही. गाडी कुणी उघडली होती का, असं त्याने तमिळमधून विचारलं, तर पंकजा नाही म्हणाली. ती खोटं बोलली नाही, बरं का! तिच्या लेखी ती पूजा होती. पूजेला कुणी दुरुस्ती म्हणतं का? मग शेषाद्रीने पंखा तपासला, जाळी धुतली, वायरी चाचपल्या. मला खबर देणारा, ताप मोजणारा पुर्जासुद्धा नवा बसवला. आणि गाडी तटबंधावर चढवली तर मी पुन्हा लालबुंद! शेवटी त्याने निकाल दिला की हा दिवाच खोटारडा आहे, वायर तोडून टाकू.

खोटारडा! सबंध गाडीत खरं बोलणारा मी एकटा, आणि मीच खोटारडा? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. इतका राग आला होता मला, पण राग आला तरी मी लालच आणि नाही आला तरी लालच. कळणार कुणाला?

जयकुमार वैतागला होता. त्याने सांगून टाकलं की शुक्रवारपर्यंत दिवा विझला नाही, तर गाडी नारळाच्या बागेवाल्याला द्यायची आणि माती पोत्यांनी मागवायची. अक्काने आता घरी बसावं, गुडघ्यालाही आराम पडेल. प्रेमानेच बोलला तो. पंकजा हँडलवरचा पिवळा दोरा नीट करत राहिली. तेवढ्यात शेषाद्रीने पक्कड काढली. तेव्हा मात्र ती पुढे झाली.

"जळता दिवा तोडूं नये," ती म्हणाली.

मला वाटलं, वाचलो! कसलं काय. तिने गंध उगाळलं, जाडसर ठिपका माझ्या तोंडावर लावला आणि त्यावर कुंकू. पूजाही झाली आणि मी दिसेनासाही झालो. गंध थंड होतं, सुगंधी होतं, आणि त्याच्याखाली मी जिवाच्या आकांताने पेटत होतो. तीन दिवस असे गेले. मित्रांनो, अंधाराचं मला काही वाटत नाही. पण माणूस डोळ्यांसमोर संकटात चाललाय आणि आपण गंधाखाली, याची घालमेल फार वाईट.

गुरुवारी सकाळी ती मातीची पोती लादून नदीतून वर निघाली. तटबंधाचा चढ लागला. इंजिन इतकं तापलं की धग माझ्यापर्यंत आली. गंध वाळलं, तडकलं आणि खपली धरून खाली पडलं. पंकजाने पाहिलं. या खेपेला तिने नजर फिरवली नाही. चढावरच गाडी थांबवून तिने इंजिन बंद केलं.

गाडीचं तोंड वर, पाठ खाली. सगळं शांत झालं तशी रबरी नळीतून गुळगुळ ऐकू आली. पंकजाने कान लावला. साच्यातून मेण वितळून निघताना ती असाच कान लावते. साच्यात धातूचा रस ओतायच्या आधी हवेला निघायला बारीक वाट ठेवतात. नाही ठेवली तर हवा आत कोंडते आणि मूर्तीला भोक पडतं. हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. तिने नळीवर हात ठेवला. कधी पाणी ओतलं ते तिला आठवलं असणार, कारण तिचा चेहरा एकदम उतरला.

तिने फोन करून दोघांना बोलावलं. गप्प राहिली असती तर तिच्यावर बोट ठेवणारं कुणी नव्हतं. आणि बोलावं, तर गाडी काढून घ्यायला जयकुमारला आयतं कारण मिळणार. माझा श्वास अडकला, म्हणजे मला असता तर अडकला असता.

"जया, चूक माझी," ती म्हणाली. "आडी अठराला मीच आंतलं हिरवं सांडून कावेरीचं पाणी घातलें. आंत वारं कोंडलंय. त्यास वाट नाहीं."

शेषाद्रीने कपाळावर हात मारला. इंजिन निवू दिलं, मग नळीच्या वरच्या टोकाचा बारीक स्क्रू सैल केला. आधी फुस्स, मग बुडबुडे, मग पाण्याची सलग धार. आणि काय सांगू, काठोकाठ भरलेल्या त्या गाडीत आणखी एक सबंध तांब्या पाणी मावलं! शेषाद्री माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटला. मी ती माफी समजून घेतली.

गाडी घरापर्यंत गेली. मी विझलेला होतो. विझण्यात इतकं सुख असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी शेषाद्रीने पुन्हा हिरवं पाणी घातलं. जयकुमारने बागेवाल्याला नाही म्हणून कळवलं. मग बहिणीला एवढंच म्हणाला, "अक्का, गुडघा दुखतो तेंही असंच सांगत जा."

आता रोज सकाळी पंकजा किल्ली फिरवते. किल्ली फिरली की मी क्षणभर पेटतो, तशी माझी घडणच आहे. पूर्वी ती लगेच निघायची. आता थांबते. पदराच्या टोकाने माझ्यावरची धूळ पुसते आणि विचारते, "बरा आहेस ना रे?"

मी विझतो. मगच ती निघते.

तर मित्रांनो, तुमच्या घरीही कुणी पुन्हा पुन्हा तेच एक सांगत असेल. कटकट वाटेल, मान्य आहे. पण त्याच्यावर गंध लावू नका. पंकजासारखं थांबा, विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत निघू नका.