स्वयंपाकघरापर्यंतची तार

ड्रिल भिंतीतून बाहेर यायच्या आतच बाबांच्या तळहाताला ते कळलं. स्वयंपाकघराच्या बाजूने भिंतीला हात टेकवून ते उभे होते. थरथर एका जागी गोळा होऊ लागली, तसं त्यांनी भिंतीपलीकडे ड्रिल चालवणाऱ्या धाकट्या मुलाला इशारा म्हणून पॅसेजचा दिवा दोनदा चालू-बंद केला. धाकट्याने जोर कमी केला. ड्रिलचं टोक पोपडा न उडवता, हळूच, कपाटाच्या वर बाहेर आलं.

बाबा दारात आले आणि हातांनी म्हणाले,

"भोक झकास. आता यातून काय येणार?"

"तार," धाकट्याने ड्रिल खाली ठेवून हातांनीच उत्तर दिलं.

"म्हणजे बिनतारी इंटरनेटसाठी घरभर तारा?"

"हो."

"तुमचं शिक्षण फुकट गेलं," म्हणत बाबांनी झाडू आणून त्याच्या पुढ्यात ठेवला.

आई, बाबा आणि ताई, तिघांनाही जन्मापासून ऐकू येत नव्हतं. घरात ऐकणारा धाकटा एकटाच. लहानपणी मित्र त्याला विचारायचे, तुझ्या घरात किती शांतता असेल ना? तो हसायचा. आईबाबांचं भांडण त्यांनी पाहिलंच नव्हतं. ती अक्षरशः हातघाई असायची. आणि प्रेम असो की राग, आईला हातचं काही राखून ठेवता येत नसे.

ताई आता नवरा आणि लहानग्या बाळासह दूरदेशी होती. तिच्याशी बोलायचं तर व्हिडिओवर. इतरांचं चित्र अडकलं तरी आवाज येत राहतो, "हॅलो, हॅलो" म्हणत गाडी पुढे जाते. इथे चित्र हेच बोलणं. ते अडकलं की ताई तोंड उघडं ठेवून, हात हवेत धरून थिजायची आणि तिच्या बोटांच्या जागी चौकोन दिसायचे. राउटर बाहेरच्या दाराशी होता, घर लांबट आणि भिंती काँक्रीटच्या. त्यामुळे आई आणि बाबा चपलांच्या कपाटावर खांद्याला खांदा लावून बसत आणि तिथूनच लेकीशी बोलत. दोन वर्षांत ताईने माहेर पाहिलं ते एवढंच, बाहेरचं दार आणि चपला.

बाबांनी मध्यंतरी भिंतीवरच्या प्लगमध्ये खोचायचे रिपीटर आणले होते. पण ते काम सांगोवांगीचं. हवेतून घ्यायचं, हवेतूनच पुढे द्यायचं, आणि वाटेत निम्मं गळायचं. म्हणून या सुट्टीत धाकटा केबलचं वेटोळं, एका तारेच्या अनेक तारा करणारा स्विच आणि छतावरून वाय-फाय पसरवणारे, थाळीसारखे तीन पांढरे ॲक्सेस पॉइंट घेऊन आला. एक पॅसेजमध्ये, एक स्वयंपाकघरात, एक वरच्या खोलीत. तिन्हींना राउटरपासून आपापली तार.

दुपारी आई त्याच्या शेजारी येऊन बसली. केबलचं साल सोलल्यावर आतून आठ रंगीत तारा निघाल्या. त्या ठरलेल्या क्रमाने ओळीत धरून टोपणात घालायच्या होत्या. त्याच्या हातून निळी आणि हिरवी सारखी जागा बदलत होत्या. आईने थोडा वेळ पाहिलं, मग केबल काढून घेतली. आयुष्यभर शिवणकाम केलेल्या तिच्या बोटांनी तारा विंचरल्यासारख्या सरळ केल्या. त्याने पक्कड दाबली. चाचणीच्या डबीवरचे दिवे ओळीने लागले.

आईने केबल खाली ठेवली आणि मोकळ्या हातांनी, त्याच्याकडे न बघता म्हणाली,

"बाळाला ऐकू येतं."

"माहीत आहे. चांगलंच आहे की."

"जावईही ऐकणारे. त्यांच्या घरी सगळे तोंडाने बोलतात. तो तिकडचा होईल."

"मलाही ऐकू येतं, आई. मी झालो का तिकडचा?"

"तू माझ्या मांडीवर वाढलास," आई म्हणाली. "तो काचेत वाढतोय. काच हलते, थांबते. मी हात हलवते, तो हसतो. पंख्याकडे बघूनही तसाच हसतो."

धाकट्याने पुढची केबल सोलायला घेतली आणि आईने तारांसाठी हात पुढे केला.

ऊन उतरायच्या सुमाराला तिन्ही थाळ्यांच्या कडेला निळा उजेड आला. ताईचा फोन लागला. तिकडे सकाळ होती. बाळ तिच्या मांडीवर, केस विस्कटलेले. आई सवयीने चपलांच्या कपाटाकडे वळली. धाकट्याने तिचा खांदा धरून तिला आत वळवलं.

"चालत राहा," तो म्हणाला. "बघू कुठे अडकतं."

आई पॅसेजमधून निघाली. एका हातात फोन, दुसऱ्या हाताने तुटक बोलणं. पडद्यावर ताई वाऱ्यासारखी बोलत होती. एकही बोट निसटत नव्हतं. जिन्याच्या वळणावर, जिथे आजवर प्रत्येक फोन मेला होता, तिथे आईने डोळे बारीक केले. काहीच झालं नाही. एका थाळीने तिला सोडलं, दुसरीने धरलं, आणि ताईचं वाक्य मधे कुठे वाकलंसुद्धा नाही.

"ही माझी खोली!" ताई म्हणाली. "पडदे कधी बदललेत? मला विचारलं नाही!"

आई वर थांबली. तिने फोन खिडकीकडे नेला, मग पलंगाकडे, मग छताकडे. जणू घरच पहिल्यांदा बघत होती. खाली उतरून स्वयंपाकघरात आली, ओट्यावरच्या डब्याला फोन टेकवला आणि दोन्ही हात मोकळे करून मनसोक्त बोलू लागली. धाकटा शिडी आवरत दारात उभा राहिला. इतक्या वेगाने बोलताना त्याने तिला कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

आणि बोलता बोलता ती थांबली. हात छातीशी तसेच राहिले.

"आई?" पडद्यावर ताई म्हणाली. "अडकलं का? आई, तू हलत नाहीयेस."

अडकलं नव्हतं. आईने अगदी सावकाश एक बोट उचललं आणि ताईच्या मांडीकडे दाखवलं. ताईने खाली पाहिलं.

बाळाने मूठ वळली होती. ती मूठ त्याने हनुवटीवर टेकवली आणि ओठाखालून पुसल्यासारखी ओढली. एकदा. मग पडद्यातून आजीकडे रोखून बघत, पुन्हा.

धाकट्याने ती खूण ओळखली. ताई लहान असताना तिच्या हनुवटीवरून ओघळलेलं दूध पुसता पुसता आईनेच ती तयार केली होती. शाळेत दुधाची खूण वेगळी शिकवत. ही या घराबाहेर कुणालाच कळत नसे.

"मी शिकवलं नाही," ताई म्हणाली. "मी नुसतं म्हणते. बाटली भरताना. स्वतःशीच."

आईने पडद्याजवळ तोंड नेलं, इतकं जवळ की ताईला फक्त तिचं कपाळ दिसत असावं. मग मागे सरकली, स्वतःची मूठ वळली आणि हनुवटीवरून ओढली. बाळाने बघितलं. हसलं नाही. गंभीरपणे, कामाचं बोलावं तसं, त्याने पुन्हा मागितलं.

बाबा आत आले. दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहून त्यांनी भुवया उंचावल्या. काय झालं?

"दूध मागतोय," आई म्हणाली.

"कोण?"

आईने फोनकडे दाखवलं. बाबा वाकले. बाळाची मूठ हनुवटीवरून उतरताना पाहिली. मग सरळ होऊन त्यांनी फ्रिज उघडला, दुधाचं पातेलं काढलं, गॅसवर ठेवलं आणि काडी ओढली. त्यांना कुणीही अडवलं नाही.