हिमनदीत रोवलेली काठी

मी एक जुनी काठी आहे आणि मित्रांनो, मी फार चिडलेली आहे.

ऑस्ट्रियाच्या आल्प्स पर्वतात, टिरोलमधल्या आमच्या खोऱ्यात एका सुतारानं मला लार्च नावाच्या पहाडी झाडाच्या लाकडातून घडवलं. दोन माणसांच्या उंचीची, सरळ, गुळगुळीत. वाल्ट्राउड हिमनदीची संशोधक होती. तिनं मला खांद्यावरून वर नेलं, बर्फात खोल भोक पाडलं आणि शेंड्यापर्यंत रोवलं. माझं काम एवढंच, उभं राहायचं. बर्फ वितळेल तेवढी मी उघडी पडायची आणि थंडीच्या तोंडावर वाल्ट्राउड येऊन तो उघडा भाग मोजायची.

सुरुवातीला ती मला थोपटून म्हणायची, "शाबास, अजून गळ्यापर्यंत आहेस!" पुढं मोजून झालं की नुसतीच बसून राहायची.

गेब्हार्ड तिचा सख्खा भाऊ. बर्फावर घसरायला येणाऱ्या पाहुण्यांना डोंगरावर नेणारी स्कीची लिफ्ट त्याची होती आणि सगळं गाव तिच्यावर जगायचं. एका उन्हाळ्यात घसरणीची वाट सपाट करायला त्यानं थेट बर्फावर खोदाईची यंत्रं आणली. पहिल्याच फटक्यात मी उपटली गेले.

वाल्ट्राउड धापा टाकत आली. "बंद कर ते, गेब्हार्ड! उरलाय किती, त्यात तू उकरतोस?"

"काठीसाठी एवढा तमाशा? दुसरी देतो करून."

"काठी गेली खड्ड्यात! बर्फ देशील करून?"

तो हसला. यंत्रं चालूच राहिली.

मग गावाची सभा भरली. गेब्हार्डला लिफ्ट आणखी वर न्यायची होती. "हिमनदी काय पळून चाललीये?" तो म्हणाला. लोक खिदळले. वाल्ट्राउडनं मला मधोमध उभं केलं.

"ही शेंड्यापर्यंत रोवली होती. यंत्रं आली तेव्हा फक्त बूड बर्फात होतं. बघा आणि मग हसा."

कुणी हसलं नाही. पण बेकरीवाली क्रेसेन्स उठली. "आणि लिफ्ट बंद पडली तर आम्ही खायचं काय? बर्फ?"

गेब्हार्डच्या बाजूनं हात वर झाले. वाल्ट्राउडनं मला खांद्यावर टाकलं आणि ती बाहेर पडली.

नवी लिफ्ट थोडेच हिवाळे चालली. खालचा बर्फ सरकला, खांब कलले. आता तिथं उघडे दगड आहेत.

मग गावानं संग्रहालय काढलं आणि मला काचेत ठेवलं. फीत कुणी कापली? गेब्हार्डनं! "आमच्या लाडक्या हिमनदीची आठवण," असं म्हणाला. मागून वाल्ट्राउड ओरडली, "जिवंत होती तेव्हा लाथाडलीस, आता हार घालतोस?" लोकांनी तिलाच गप्प केलं.

आता मला मऊ फडक्यानं पुसतात. 'हात लावू नये' अशी पाटीही आहे. एका लाकडाची एवढी काळजी! हिमनदीच्या वाट्याला यातली तिळभरही आली नाही.

मित्रांनो, मला बघायला येऊ नका. तुमच्या गावात जे अजून वाहतंय, त्याच्यापाशी जा. तिथं कुणी यंत्र आणलं, तर ओरडा. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.