मैदान कापणारा विळा

मी विळा बोलतोय. दातेरी, लाकडी मुठीचा. मशीन बाळगणाऱ्यांनी ऐकलं नाही तरी माझं काही अडत नाही.

तलासरीकडच्या एका लोहाराने मला घडवलं आणि २०१४ च्या दसऱ्याआधीच्या बाजारात मी जिवलीच्या हाती पडलो. तिने अंगठ्याने माझे दाते चाचपले, नाक मुरडलं आणि तरी मलाच घेतलं. पाड्यावरची ही बाई बोलायला कमी, कामाला मात्र वाघीण. घरी तिचा एक म्हातारा बैल. उन्हाळाभर त्याला काय घालायचं, ही तिची कायमची चिंता.

डहाणूजवळच्या एका क्रिकेटच्या मैदानावर पावसाळ्यात कमरेएवढं गवत माजायचं. डिसेंबरात तिथे टुर्नामेंट. त्याआधी जिवलीने मैदान कापायचं आणि गवत घरी न्यायचं, असं ठरलेलंच होतं. कापलेलं गवत ती दोन दिवस उन्हात पसरायची, मगच भारे बांधायची. एका कडेला मातीत दगड दडलेला होता. तिथे ती मला बाजूला ठेवून हाताने गवत उपटायची. माझ्या दात्यांची एवढी काळजी दुसऱ्या कोणी केली नाही.

२०१७ साली क्लबचा सेक्रेटरी धनेश, चिकूच्या वाडीवाल्यांचा मुलगा, गवत कापायचं पेट्रोलचं मशीन घेऊन आला. मैदान गुळगुळीत झालं आणि गवताचा नुसता भुगा. मातीत मिसळलेला भुगा बैल खाईना. जिवलीने बांधाबांधावरचं गवत खरडून कसाबसा उन्हाळा काढला.

पुढच्या वर्षी मशीन त्याच दगडावर आदळलं. पातं तुटलं आणि टुर्नामेंट आठवड्यावर आलेली. धनेश पाड्यावर धावत आला.

"गवत माझाच ना, पयल्यासारखा?" जिवलीने विचारलं.

"तुझंच गं. आम्हाला काय गवत खायचंय?"

पाच दिवस आम्ही राबलो. तिच्या तळहाताला फोड आले. कोपऱ्यात भारे रचून ती शेजाऱ्याची गाडी सांगायला गेली. सकाळी गाडी घेऊन आलो, तर तिथे राख! पाहुण्यांच्या गाड्या लावायला जागा हवी, म्हणून क्लबवाल्यांनी सगळं पेटवून दिलं होतं.

"अगं, गवतच तर होतं," धनेश म्हणाला आणि तिच्या हातात क्लबचा टी-शर्ट ठेवला.

माझा नुसता संताप झाला. जिवलीने टी-शर्ट नीट घडी घालून खुर्चीवर ठेवला आणि मला कमरेला खोचून ती निघाली. तेव्हा टुर्नामेंटच्या उद्घाटनाला माईकवर खिलाडूवृत्तीवर भाषण चाललं होतं.

२०१९ चा वैशाख आला. कुठे हिरवी काडी नाही. एका दुपारी जिवली आपल्याच गवताने शाकारलेल्या घरावर चढली, तिने माझ्याकडून छपराचे बंद कापून घेतले आणि वरचं जुनं गवत खाली ओढलं. बैलाने ते हुंगलं. चुलीच्या धुराने काळं पडलेलं ते गवत, त्याने तोंड फिरवलं.

आता मी उघड्या वाशाला लटकतोय. पाऊस तोंडावर आलाय, मला गंज चढेल. चढू दे. खेळाडूंनो, खुशाल खेळा, जिंका. फक्त आगकाडी ओढण्याआधी एकदा विचारा, हे कोणाचं जेवण आहे.